कडेवरचा उन्हाळा

तेंदूपान सुरू झालं की आमच्या गावात पहाटे चारला चुली पेटतात. मे महिन्यातले पंधरा-वीस दिवस हे असंच चालतं. रात्रीचा भात आणि लोणचं डब्यात भरायचं, पाण्याची कॅन घ्यायची, डोक्याला दुपट्टा बांधायचा आणि आठ-दहा जणांचा घोळका करून जंगलाची वाट धरायची. साकोली तालुक्यातलं आमचं गाव नागझिऱ्याच्या जंगलाला लागून आहे. एकटं कोणी जात नाही. पान तोडताना माणूस झुडपाशी वाकलेला असतो, आणि वाकलेल्या माणसाला वाघाची चाहूल लागत नाही, हे इथं सगळ्यांनाच माहीत आहे. डोक्यावर पानांचे भारे घेऊन माणसं परततात ती दहा-अकरा वाजता. तोवर गावात म्हातारी माणसं, शेळ्या आणि लेकरं एवढीच असतात.

मी या गावात 2009 पासून अंगणवाडी सेविका आहे. उन्हाळ्यात अंगणवाडी सकाळची असते. ऊन चढायच्या आत खिचडी वाटून, गाणी-गोष्टी करून मुलांना घरी पाठवायचं आणि मग गृहभेटीला निघायचं. वजन, उंची, लसीकरण, आहार, सगळ्याची नोंद ठेवायची. आधी रजिस्टरं होती, 2021 पासून मोबाइलवर पोषण ट्रॅकर आला. लेकराची जन्मतारीख, आईचं नाव, बापाचं नाव, दर महिन्याचं वजन, सगळं त्यात बसतं. पण दिवसभर ते लेकरू कुणाच्या कडेवर असतं, हे विचारणारा रकाना तेव्हाही नव्हता आणि आताही नाही. बरीच वर्षं मलाही त्याची गरज वाटली नव्हती. एका मे महिन्यात ती वाटली, त्याची ही हकिकत.

गावाच्या टोकाला एक घर आहे. पुढे ओसरी, मागे सांदवाडी, सांदवाडीत एक जुना मोह. त्या घरात पाच लेकरं होती. थोरली नुकतीच चौथी पास झालेली. तिच्या खाली सात वर्षांचा भाऊ, मग साडेचार वर्षांची बहीण, ती माझ्या अंगणवाडीतली. मग तीन वर्षांचा एक आणि सगळ्यात धाकटा चौदा महिन्यांचा. आजी होती, पण तिला मोतीबिंदू झालेला, खाटेवर बसून असायची. आई-बाप दोघंही पानाला. मार्च-एप्रिलमध्ये ते मोहफुलं वेचायला जात, मे उजाडला की पान, आणि मधल्या दिवसांत कुणाचं उन्हाळी धान कापायला आलं की तिकडे. म्हणजे शाळेला सुट्टी लागायच्या आधीपासूनच घर थोरलीच्या अंगावर पडलेलं असायचं.

मी गृहभेटीला गेले की ती नेहमी एकाच रूपात दिसायची. डाव्या कडेवर धाकटा, उजव्या हातात काहीतरी काम. नऊ-दहा वर्षांच्या मुलीची कंबर ती केवढी, पण कडेवर मूल घ्यायची तिची सवय इतकी पक्की झाली होती की कडेवर कोणी नसलं तरी ती एका बाजूला कललेली उभी राहायची. मी तिला विचारायचे, "आई कुठे आहे?" ती सांगायची, "पानाले गेली." मग मी म्हणायचे, "बरं, आईला सांग, लेकराकडे लक्ष दे म्हणावं. भरपूर पाणी पाज म्हणावं." ती मान हलवायची. मी पुढच्या घराकडे जायचे. समोर जी लक्ष देत होती तिच्याच हाती मी भलत्याच माणसासाठी निरोप ठेवत होते.

त्या वर्षी नवतपा लागायचे दिवस होते. आमच्याकडे 25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत गेला की पुढचे नऊ दिवस माणसं आभाळाकडे बघायचंही टाळतात. पारा पंचेचाळीसच्या आसपास. गावात दोन-तीन लेकरांना हगवण लागली होती. त्या घरातल्या धाकट्यालाही लागल्याचं कळलं, तेव्हा मी ओआरएसच्या दोन पुड्या थोरलीच्या हातात दिल्या. "पाण्यात घालून पाजत राहा," म्हणाले. वहीत नोंद केली आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला परत गेले. धाकटा झोळीत पडला होता. रडत होता, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. डोळे खोल गेले होते, जीभ कोरडी. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती हळूहळू खाली बसत होती.

"पुडी पाजली का गं?"

"पाजली ना बाई. पुरी पाजली. तरी तहान तहानच करून राह्यला."

"कशात केली होतीस?"

तिनं चुलीजवळचा स्टीलचा पेला आणून दाखवला. तळाशी थोडं पाणी उरलं होतं. मी बोट बुडवून जिभेला लावलं. मिठागराच्या पाण्यासारखं खारट.

"अगं, अख्खी पुडी एका पेल्यात? एक लिटर पाण्यात करायची असते ती. लिहिलंय त्यावर."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लिटर म्हन्जे कितीक, बाई?"

माझे यजमान मोटारसायकल घेऊन आले. मी धाकट्याला मांडीवर घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. सलाईन लागलं. संध्याकाळी पोर दूध मागायला लागलं, दोन दिवसांनी घरी आलं. त्याची आई जंगलातून तशीच पायी आरोग्य केंद्रात आली होती. पानाचा हिरवा वास तिच्या लुगड्याला होता. ती थोरलीला रागावली. थोरली काहीच बोलली नाही. आणि मी, जिनं सांगायला हवं होतं की चूक माझी आहे, मीही त्या क्षणी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जाऊन ते सांगितलं. पण चारचौघांत रागावणं झालं होतं आणि माझं कबूल करणं एकांतात झालं, ही गोष्ट मला अजून खुपते.

त्या रात्री मी माझ्या घरातली भांडी मोजायला बसले. थोरलीला 1 लिटर म्हणजे 1000 मिलिलिटर हे पाठ होतं, तिच्या गणिताच्या पुस्तकात ते होतं. पण ते हजार मिलिलिटर घरातल्या कोणत्या भांड्यात मावतात, हे कोणी दाखवलं नव्हतं. मलाही नीट सांगता आलं नसतं. माझ्या स्वयंपाकघरात एकही भांडं नेमकं लिटरचं निघालं नाही. गुंडी मोठी, तांब्या लहान, पेला त्याहून लहान. मी दहा वर्षं पुड्या वाटत होते, आणि कुठल्याही घरात त्या मोजून कालवता येण्याजोगं भांडं आहे का, हे एकदाही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी लग्नघरातून पाण्याच्या रिकाम्या लिटरच्या बाटल्या गोळा केल्या. घराघरांत जाऊन एक बाटली भरून त्यांच्याच एखाद्या गुंडीत ओतली आणि पाणी जिथं आलं तिथं बाहेरून नखपॉलिशची रेघ मारली. "या रेघेपर्यंत पाणी, त्यात एक पुडी पूर्ण, केलेलं पाणी दुसऱ्या दिवशी वापरायचं नाही." चव कशी असावी यासाठी एक जुनी खूण आहे, ती लेकरांना पटकन कळते: डोळ्यातल्या पाण्यापेक्षा जास्त खारट लागलं तर चुकलं. मी ती थोरलीला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "ते तर मले माहीत हाये कसं लागते."

झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्यायच्या असतात. हगवण थांबली की घरोघर गोळ्या बंद होतात, हा माझा अनुभव. थोरलीनं दाराच्या मागे भिंतीवर कोळशानं रोज एक रेघ मारली. पंधराव्या दिवशी मी गेले तर चौदा रेघा सरळ उभ्या होत्या, आणि खाली तिच्या सात वर्षांच्या भावानं आपल्या मनानं एक वाघ काढला होता.

त्यानंतरच्या एप्रिलपासून मी एक गोष्ट करते. सुट्टी लागायच्या सुमारास, ज्या घरांत आई-बाप पानाला जातात, तिथल्या मोठ्या भावंडांना एका सकाळी अंगणवाडीच्या ओसरीत बोलावते. आठ ते बारा वर्षांची मुलं-मुली. मुलीच जास्त. धाकटी भावंडं घेऊनच येतात, कारण ठेवणार कुणापाशी. मी त्यांना रेघ दाखवते. लेकरू सुस्त झालं, अंग तापलं, लघवी कमी झाली तर आईची वाट न बघता माझ्याकडे किंवा आशाताईंकडे पळत यायचं, हे सांगते. लोखंडी कूलरला ओल्या हातानं शिवायचं नाही. तलावावर मोठ्या माणसाशिवाय जायचं नाही. भंडारा हा तलावांचा जिल्हा, कोहळी लोकांनी बांधलेले जुने मालगुजारी तलाव गावोगाव आहेत. उन्हाळ्यात त्यांचं पाणी उतरतं आणि काठ उथळ दिसायला लागतो, पण मध्ये खोल डोह तसाच असतो. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर उन्हाळ्यातही त्याला वरचं पाणी नको, आईचं दूध पुरतं, हेही सांगते. अशा बाळांना आया बहुधा सोबत जंगलात नेतात, झाडाला झोळी बांधतात.

पहिल्या वर्षी मी सांगायला बसले होते. शेवटी ऐकतच बसले. थोरलीनं सांगितलं, सकाळी झोळी ओसरीच्या पश्चिमेला बांधायची, नऊला मोहाखाली न्यायची, अकराला आत. दुपारी दाराला ओलं पोतं लावायचं, पण दर तासाला भिजवायचं असेल तरच, सुकलं की पोत्यातून झळच येते. तीन वर्षांचा झोपत नाही म्हणून त्याला पोत्यावर पाणी शिंपायचं काम द्यायचं, शिंपता शिंपता त्याला झोप येते. दुसऱ्या एका मुलीनं सांगितलं, माठ खाली ठेवला की लहानी हात घालते, म्हणून उंच ठेवायचा आणि एक छोटं मडकं फक्त तिच्यासाठी खाली ठेवायचं, म्हणजे तिला आपलं आपण पाणी पिता येतं आणि ती दिवसभर पीत राहते. "भरपूर पाणी पाजा" हे मी वर्षानुवर्षं म्हणत आले. ते पाणी लेकराच्या पोटात जावं कसं, याची युक्ती एका नऊ वर्षांच्या मुलीनं काढली होती.

पुढे वाचनात आलं तेव्हा या सगळ्याला मला एक आधार सापडला. 1971 साली बांगलादेशच्या लढाईत लाखो निर्वासित सीमा ओलांडून आले, बनगावच्या छावणीत पटकीची साथ आली. डॉ. दिलीप महालनबीस तिथं होते. सलाईनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा त्यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत कालवून ठेवलं आणि रोग्याच्या नातेवाइकांना सांगितलं, तुम्हीच पाजा. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. ते वाचताना मला पिंपापेक्षा पेला धरणारे हात दिसत राहिले. त्या गर्दीत कुणाची तरी थोरली बहीण असणारच. फक्त तिथं पाणी मोजून कालवायला जाणतं माणूस होतं, आणि आमच्याकडे ते काम मी एका लहान मुलीवर न सांगता टाकलं होतं.

आणि आमच्याच राज्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे फार आधी पाहिलं होतं. 1945 साली बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांसाठी काम केलं. मुली शाळेत येत नाहीत, कारण कडेवर भावंडं असतात. म्हणून विकासवाडी या त्यांच्या प्रकल्पात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा भरवली. मी प्रशिक्षणात ही नावं ऐकली होती, परीक्षेत लिहिलीही होती. अंगणवाडी हा शब्द रोज उच्चारणाऱ्या मला त्यांचं म्हणणं कळलं ते थोरलीनं पेला पुढे केला तेव्हा.

माझ्या स्वतःच्या घरातही उन्हाळ्यात पाच लेकरं असतात. माझी दोन आणि नणंदेची तीन. नणंद नागपूरला, सुट्टी लागली की मुलं मामाच्या गावाला. मी सकाळी सातला घराबाहेर पडते, गृहभेटी आटोपून दुपारी परत. तोवर सासूबाई त्या पाचांना सांभाळतात. आंघोळी, आंबील, कैऱ्यांवरून होणारी भांडणं, कुणाच्या पायाला काटा, कुणाला घामोळं. रात्री अंगणात खाटा टाकल्या की कुणी कुणाजवळ झोपायचं यावरून पुन्हा रडारड, आणि निजण्याआधी खाटेखाली विंचू-किडा नाही ना म्हणून टॉर्च फिरवणं. कुणी विचारलं तर मी सांगायचे, "सासूबाई घरीच असतात." त्या उन्हाळ्यानंतर हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. आता मी सांगते, "सासूबाई पाच लेकरं बघतात." परवा शेजारणीसमोर असं म्हणाले, तर सासूबाईंनी तांदूळ निवडता निवडता एकदा मान वर करून पाहिलं आणि पुन्हा सूप हातात घेतलं.

लेकरं राखणं हे तासातासाचं काम आहे, हे मी त्या वर्षी शिकले. जंगलात जाणाऱ्या आईच्या कामाचा हिशोब निदान फळीवर, म्हणजे पान खरेदीच्या जागी, होतो. दुपारभर अख्खं घर ओसरीत बसून 70 पानांचा एकेक पुडा बांधतं, आमची साडेचार वर्षांचीही पाच-पाच मोजत पानं पुढे सरकवते आणि सत्तरपर्यंतचे आकडे शाळेच्या आधी शिकते. संध्याकाळी पुडे फळीवर जातात, मुनशी मोजतो, कार्डावर लिहितो. 1000 पुड्यांची एक गोणी. पैसे उशिरा का होईना येतात. पण त्या पुड्यांमागे पहाटे चार ते अकरा थोरलीनं चार लेकरं जिवंत, न्हालेली, जेवलेली ठेवली, हे कुठल्याच कार्डावर चढत नाही. ती नसती तर एक माणूस घरी राहिलं असतं आणि पानं निम्मीच आली असती.

मला हे लिहिताना भीतीही वाटते. नऊ वर्षांच्या मुलीच्या हुशारीचं कौतुक करता करता तिच्यावर पडलेल्या ओझ्याचंच कौतुक होऊन बसेल. तिनं हे करावं असं मला मुळीच वाटत नाही. पानाच्या त्या तीन आठवड्यांत पहाटे चारपासून अकरापर्यंत गावात पाळणाघर असावं, असं मला वाटतं. दोन बाया, मोठी सावली, थंड पाणी, झोळ्या बांधायला पाच-सहा खांब. फार मोठी मागणी नाही. मी ती बैठकीत मांडते, ग्रामसभेत मांडते. एका वर्षी बचतगटातल्या दोघींनी आठवडाभर आपणहून हे केलं आणि त्या आठवड्यात थोरलीसारख्या सहा मुली सकाळी चिंचेखाली बिट्ट्या खेळताना दिसल्या. पुढच्या वर्षी त्या दोघीही पानाला गेल्या. मजुरी सोडून कोण किती दिवस बसणार? पण पाळणाघर होईपर्यंत मुलं ज्यांच्या हातात आहेत, त्यांच्या हातात नीट माहिती तरी असावी, एवढं मला माझ्या पातळीवर करता येतं. म्हणून ती ओसरीतली बैठक दर एप्रिलला होते, आणि माझ्या वहीच्या मागच्या पानांवर मी एक यादी ठेवते. लेकराचं नाव, आणि त्याच्यापुढे दिवसा त्याला राखणाऱ्याचं नाव. ही यादी वर कुठे जात नाही. गृहभेटीला जाताना मात्र मी तीच आधी बघते, आणि दारात उभ्या असलेल्या मुलीला आईसाठी निरोप न देता तिच्याशीच बोलते.

मृगाचे पहिले शिंतोडे पडले की पान संपलेलं असतं. आया घरी असतात, बांध्यांची कामं सुरू होईतो थोडी उसंत. त्या जूनमध्ये वजन घ्यायच्या दिवशी थोरली धाकट्याला घेऊन आली. काट्यावर ठेवलं आणि मी वाकून बघायच्या आत तिनंच आकडा वाचला, "आठ किलो सहाशे, बाई. मागल्या महिन्याले आठ दोनशे होता." माझ्या वहीत तेच होतं.

आमच्या विदर्भात उन्हामुळे शाळा इतर महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. पहिल्या दिवशी मी अंगणवाडीच्या दारात उभी होते. थोरली पाचवीत जाणार होती. नव्या दप्तराला कोऱ्या कापडाचा वास असावा, कारण ती चालता चालता ते नाकाशी धरत होती. मला बघून थांबली, नेहमीसारखी एका बाजूला कलून. मग शाळेची घंटा झाली आणि ती पळाली. कडेवर कोणी नव्हतं.